अडलेल्या गाडीचं पेट्रोल: बाटलीबंदी पुरेशी नाही, डबा द्या

‘बाटलीत पेट्रोल मिळणार नाही’ अशी पाटी पंपावर लावली की सुरक्षेचं काम संपलं, असा समज आपल्याकडे रुजला आहे. पाटी योग्यच आहे, पण ती अर्धं काम करते. बेळगावहून गोवा-कोकणाकडे उतरताना जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात, अनमोडच्या रस्त्यावर किंवा शिनोळीहून आंबोलीकडे जाताना ज्याची गाडी पेट्रोल संपून उभी राहते, तो पंपापर्यंत पोचतो तेव्हा त्याच्या हातात पाण्याची रिकामी बाटलीच असते. दुसरं काही त्याच्याकडे नसतं आणि पंपावरही कुणी देत नाही. मग पंपावरच्या पोराला दया येते आणि तो मागच्या बाजूला नेऊन बाटली भरून देतो, किंवा अडलेला माणूस एखाद्या गावात टपरीवर जादा पैसे मोजून बाटलीतलंच पेट्रोल घेतो. म्हणजे बंदी असूनही पेट्रोल शेवटी बाटलीतूनच जातं. फरक इतकाच, की ते आता लपूनछपून आणि जास्त धोकादायक रीतीने जातं.

बेळगाव, खानापूर आणि निपाणीपासून गोवा-कोकणाकडे उतरणाऱ्या रस्त्यांवरच्या पंपांनी अनामत घेऊन धातूचा, मान्यता असलेला 5 लिटरचा डबा द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. आहे तोच कायदा नीट वाचला तरी पुरे.

1934 च्या पेट्रोलियम कायद्याचं कलम 8 सांगतं, की विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंतचं पेट्रोल जवळ बाळगायला किंवा न्यायला परवाना लागत नाही. पण ते ठेवायचं कशात, हेही तिथेच सांगितलं आहे: घट्ट बूच बसणाऱ्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं 1 लिटरपेक्षा मोठं नको, धातूचं 25 लिटरपेक्षा मोठं नको. प्लॅस्टिकचा त्यात उल्लेखच नाही. कलम 9 मोटारमालकाला आणखी सवलत देतं. टाकीतल्या पेट्रोलाखेरीज, स्वतःच्या गाडीसाठी म्हणून, 100 लिटरपर्यंत साठा त्याला विनापरवाना ठेवता येतो. भांड्यांची अट तीच. साठा 30 लिटरच्या वर गेला, तर माणसं राहतात, काम करतात किंवा जमतात त्या खोलीशी जोडलेली नसेल अशा वेगळ्या जागी तो ठेवावा लागतो. 1 लिटरपेक्षा मोठ्या भांड्याच्या नमुन्याला ‘पेसो’ची, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची, मान्यता हवी. थोडक्यात, कायद्याचा आक्षेप भांड्यावर आहे. माणसाने पाच लिटर पेट्रोल हातातून नेण्यावर नाही.

टपरीवाल्याचं प्रकरण मात्र वेगळं आहे. कलम 8 ची सवलत ‘विक्रीसाठी नसलेल्या’ पेट्रोलाला आहे. त्यामुळे किराणा दुकानात, चहाच्या शेगडीपासून चार हातांवर, दोरीला टांगलेल्या पेट्रोलच्या बाटल्या कितीही जणांच्या अडीनडीला उपयोगी पडत असल्या, तरी तो धंदा बेकायदा आहे आणि तो तसा असायलाच हवा. गावकीची सोय म्हणून त्याकडे डोळेझाक करणाऱ्यांनी त्या दुकानाच्या मागच्या खोलीत कोण झोपतं, हे एकदा पाहावं.

आता बाटली का नको, याची कारणं. ‘प्लॅस्टिक विरघळतं’ हे कारण सगळे सांगतात आणि तेच सर्वांत कच्चं आहे. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक पेट्रोलात लगेच विरघळत नाही. म्हणूनच लोकांना वाटतं, की काही होत नाही. खरा धोका वाफेचा आहे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी लागली तर पेट घेईल इतकी वाफ ज्या तापमानाला सुटते तो बिंदू, शून्याखाली 40 अंशांच्या आसपास आहे. आपल्याकडच्या कुठल्याही हवामानात, कणकुंबीच्या श्रावणातसुद्धा, उघडं पेट्रोल पेटायला तयारच असतं. त्यातले हलके घटक 35 ते 40 अंशांनाच उकळू लागतात. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान 55-60 अंशांवर सहज जातं. तिथे पातळ बाटली फुगते, झाकणाच्या आट्यांमधून वाफ बाहेर पडते आणि हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे सीटखाली, पायाशी साचून राहते.

किती वाफ पुरते? हवेत 1.4 ते 7.6 टक्के पेट्रोलची वाफ असली की ते मिश्रण ठिणगीने पेटतं. मोटारीच्या आतली हवा साधारण 3000 लिटर धरली, तर पाव लिटरच्या आतबाहेर पेट्रोल उडून गेलं तरी सगळी गाडी त्या मर्यादेत येते. वाफ तळाशी साचते म्हटल्यावर प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी पुरतं. मग दिव्याचं बटण, सैल झालेली वायर, पेटवलेली बिडी, काहीही चालतं.

दुसरा धोका स्थिर विजेचा. पेट्रोल नोझलमधून वेगाने पडताना भार तयार होतो. धातूचा डबा जमिनीवर असेल तर तो भार उतरून जातो. प्लॅस्टिकवर तो साचून राहतो आणि नोझल जवळ आलं की ठिणगी पडू शकते. पंपावर मोबाईलबद्दल फार बोललं जातं. स्थिर विजेबद्दल त्याच्या निम्मंही कुणी बोलत नाही, आणि भांडी भरताना लागणाऱ्या आगींत खरा संशय तिच्यावरच घ्यायला हवा. म्हणून धातूचा डबासुद्धा दुचाकीच्या सीटवर किंवा डिकीतल्या गालिच्यावर ठेवून भरायचा नाही. खाली फरशीवर ठेवायचा, नोझलचं टोक डब्याच्या तोंडाला टेकवून धरायचं आणि सावकाश भरायचं.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो: असं काही इंधन नाही का, जे गाडीत वर्षभर बिनधोक पडून राहील आणि वेळेला टाकीत ओतलं की गाडी चालेल? परदेशात असे द्रव विकायला आले होते. त्यांची जाहिरात अशी, की फ्लॅश पॉइंट 38 अंश सेल्सिअसच्या वर आहे, त्यामुळे काडी लावली तरी पेटत नाही. यामागचं तत्त्व आपल्या भागातल्या शेतकऱ्याला नवं नाही. मळ्यातलं जुनं पेट्रोल-रॉकेल इंजिन आठवा. ते पेट्रोलवर चालू करायचं, पाच-दहा मिनिटं तापू द्यायचं आणि मग कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. थंड इंजिन रॉकेलवर कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही, कारण रॉकेलची वाफ गार हवेत पुरेशी होत नाही. तापलेल्या इंजिनात ती होते. ‘बाहेर न पेटणारं’ इंधन नेमकं हेच असतं. बाहेर ते पेटत नाही, कारण त्याची वाफ होत नाही. आणि वाफ होत नाही म्हणूनच त्यावर थंड गाडी सुरू होत नाही. सुरक्षितपणा आणि चटकन सुरू होण्याचा गुण, दोन्ही एकाच गुणधर्मावर उभे आहेत. एक वाढवला की दुसरा कमी होतो. ही अडचण एखाद्या कंपनीच्या हुशारीने सुटणारी नाही.

त्यात आपल्या हवेचा प्रश्न वेगळा. 38 अंशांची रेषा थंड देशात अर्थपूर्ण आहे. अथणी, रायबागकडे एप्रिल-मे महिन्यात सावलीतलं तापमानच त्याच्या जवळ जातं किंवा ते ओलांडतं. डिकीचं तर विचारूच नका. तिथे ‘सुरक्षित’ म्हणून ठेवलेला तो द्रव रोज दुपारी आपली सुरक्षिततेची रेषा ओलांडेल.

याच विचाराने काही जण टाकीत रॉकेल, टर्पेंटाईन किंवा रंगाचा थिनर ओततात. रॉकेलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण, खूप कमी असतो. मळ्यातल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण दाबण्याचं प्रमाण, कमी म्हणून ते चालतं. आजच्या मोटारीचं कॉम्प्रेशन दहाच्या आसपास असतं. त्यात असं इंधन गेलं, की चढावर इंजिन ठणठण वाजतं, पिस्टन मार खातो, अर्धवट जळालेलं इंधन सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो निकामी होतो. थिनरने तर रबरी नळ्या आणि वॉशरच फुगतात, शिवाय तो पेट्रोलसारखाच पेटतो. रेशनचं निळं रॉकेल गाडीत वापरणं हा तर सरळ गुन्हा आहे. तेव्हा ‘बिनधोक इंधना’ची बाटली कुणी विकायला आणली, तर तिच्यावर फ्लॅश पॉइंट किती लिहिलाय, ऑक्टेन किती आणि थंड इंजिन सुरू होतं का, एवढं विचारावं. तिन्हींची चांगली उत्तरं एकाच बाटलीत मिळणार नाहीत.

स्वीडनसारख्या देशांत लाकूडतोडीच्या यंत्रांसाठी अल्किलेट पेट्रोल मिळतं. ते वर्षानुवर्षं खराब होत नाही. पण ते पेटतं मात्र नेहमीच्या पेट्रोलासारखंच. टिकणं वेगळं आणि न पेटणं वेगळं. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते.

डिझेलवाल्यांना वाटतं, की हा सगळा त्रास आपल्याला नाही. पुष्कळसं खरं आहे. कायदाही डिझेलला दुसऱ्या वर्गात टाकतो आणि 2500 लिटरपर्यंत, एका भांड्यात 1000 लिटरपेक्षा जास्त नाही या अटीवर, विनापरवाना साठा करू देतो. म्हणून तर ट्रॅक्टरवाला कॅन घेऊन पंपावर जातो आणि त्याला कुणी अडवत नाही. पण एक बारकावा आहे. युरोपात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 55 अंश असावा लागतो. आपल्या भारतीय मानकात तो किमान 35 आहे. ‘डिझेल काडीने पेटत नाही’ हे गार डिझेलबद्दल खरं आहे. उन्हात ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बांधलेल्या, तापलेल्या कॅनबद्दल तीच खात्री देता येणार नाही.

डिझेल संपल्यावर नुसतं ओतून भागत नाही, हाही मुद्दा आहे. पाईपमध्ये एअर धरते. गळीत हंगामात चिकोडी, रायबाग, गोकाक भागात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री रस्त्यातच बंद पडलेला दिसतो, तेव्हा कारण बहुधा हेच: डिझेल संपलं, कॅनमधलं ओतलं, सेल्फ मारमारून बॅटरी उतरली आणि आता दिवेही नाहीत. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पुढे काय उभं आहे ते कळत नाही. इंधनाची ही गोष्ट अशी थेट जिवावर येते. जुन्या पद्धतीच्या पंपाला फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू थोडा सैल करायचा, हँड प्रायमर दाबत राहायचं, फेस जाऊन सलग डिझेल यायला लागलं की दाबतानाच स्क्रू आवळायचा. प्रायमर हाताला कडक लागला म्हणजे हवा निघाली. मग सेल्फ 10-15 सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती. नव्या पद्धतीच्या कॉमन रेल इंजिनाच्या बारीक, जाड भिंतीच्या नळ्यांना मात्र हात लावायचा नाही. त्यात प्रचंड दाब असतो, उडालेली धार कातडीतून आत शिरते. तिथे टाकीत विजेचा पंप असेल तर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून आधी त्याला डिझेल पुढे ढकलू द्यावं.

आपल्याच भागात हा प्रश्न इतका का येतो, त्यालाही कारणं आहेत. तीन राज्यांचे कर वेगवेगळे, त्यामुळे दरही वेगळे. गोव्यात पेट्रोल स्वस्त, म्हणून ‘तिकडेच टाकी भरू’ असा हिशोब करून चोर्ला घाटाच्या वाटेला लागणारे पुष्कळ. पण घाटात गाडी सपाटीइतकी धावत नाही. लिटरला पंधरा किलोमीटरची सरासरी देणारी मोटार चढावर दहा-अकरावर येते आणि काट्यावर दिसणारे ‘अजून साठ किलोमीटर’ चाळीसच निघतात. चढावर टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि दोन-तीन लिटर शिल्लक असतानाही गाडी झटके देऊन बंद पडते. दुचाकीचा तर जुना आधारच गेला. कार्ब्युरेटरच्या गाडीला रिझर्व्हचा कॉक होता. बंद पडली की कॉक फिरवायचा आणि पुढचा पंप गाठायचा. एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या झाल्या, इंजेक्शन आलं, कॉक गेला. आता दिवा लागतो, आणि तो न पाहणारा थेट रस्त्यावर थांबतो. शिवाय इंजेक्शनचा पंप टाकीत पेट्रोलातच बुडून गार राहतो. तो कोरडा चालवत राहणं म्हणजे पंपाचा खर्च ओढवून घेणं.

म्हणून किती पेट्रोल लागतं याचा हिशोब सोपा आहे. दुचाकीला 1 लिटर पुरे. मोटारीला 4 लिटर हवं, कारण पहिलं लिटर-दीड लिटर टाकीच्या तळाशी पंपाचं तोंड बुडवण्यातच जातं आणि उरलेल्यात घाटातूनही 25-30 किलोमीटरचा पंप गाठता येतो. वीस लिटरच्या कॅनची गरज अडलेल्याला कधीच नसते.

5 लिटरच्या डब्यात 4 लिटरच का, तर पेट्रोल तापलं की फुगतं, लिटरमागे दर अंशाला जवळजवळ 1 मिलिलिटर. सकाळी 20 अंशांना काठोकाठ भरलेला 5 लिटरचा डबा दुपारी 50 अंशांवर गेला, तर सुमारे 140 मिलिलिटर जादा पेट्रोल जागा मागतं. ते वॉशर फाडून बाहेर येतं. नियम हवेसाठी निदान 5 टक्के जागा सोडायला सांगतात. आपल्या उन्हात त्याहून सढळ हाताने सोडावी.

डब्याचा जीव त्याच्या वॉशरमध्ये असतो. ट्यूब कापून केलेला रबरी वॉशर पेट्रोलात फुगतो, मऊ पडतो आणि गळतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल बेळगाव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतही बनतं, आणि साध्या रबराला ते अधिकच बाधतं. नायट्राईल किंवा व्हायटॉन रबराचा वॉशर हवा. तेलाचा पत्र्याचा डबा तर अजिबात नको, कारण त्याच्या तोंडाला दाब सहन करणारं झाकणच नसतं.

इथेनॉलचा दुसरा त्रास पाण्याचा. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. दहा टक्के मिश्रणात लिटरमागे साधारण 5 मिलिलिटर पाणी गेलं, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला थोडं जास्त पाणी पचतं, इतकंच. वेगळा झालेला थर टाकीत गेला की पंप तोच आधी खेचतो आणि गाडी सुरू होत नाही. मग लोक म्हणतात, टपरीवाल्याने पाणी मिसळलं. मिसळलंही असेल, पण खानापूरच्या पावसाळ्यात सैल झाकणाची बाटली तेच काम आपोआप करते. घट्ट बंद, सावलीतल्या धातूच्या डब्यात पेट्रोल सहाएक महिने ठीक राहतं. त्यानंतर ते काळवंडतं, वार्निशसारखा वास येऊ लागतो आणि इंजेक्टरमध्ये चिकट राप धरतो. शेतावर किंवा जनरेटरसाठी साठा ठेवणाऱ्यांनी डब्यावर भरल्याची तारीख लिहावी आणि चार महिन्यांनी ते गाडीत ओतून नवं भरावं.

तर मग प्रत्येकाने गाडीत भरलेला डबा बाळगावा का? बंद मोटारीत नाही. डबा कितीही चांगला असला तरी अपघातात तो तुमच्या पाठीमागेच असतो. दुचाकीवर बाहेरच्या बाजूला, सायलेन्सरपासून दूर, 1 लिटरची धातूची बाटली घट्ट बांधून नेता येते. मोटारीत नवा, कोरडा, रिकामा डबा आणि लांब नळीचं नरसाळं ठेवावं. ‘नवा, कोरडा’ मुद्दाम म्हटलं आहे. भरलेल्या डब्यातल्या हवेत वाफ इतकी दाट असते, की आत ज्वाळा टिकत नाही. वापरून रिकामा झालेला डबा हळूहळू नेमका पेटण्याच्या मर्यादेत येतो. म्हणून पेट्रोल ओतल्यावर डबा झाकण काढून उघड्यावर पूर्ण सुकवल्याशिवाय डिकीत टाकायचा नाही.

ओतण्याची रीतही चुकते. आधी गाडी जमेल तितकी कडेला, चाकामागे दगड, मागे पन्नास पावलांवर त्रिकोणी पाटी, आणि वळणावर असाल तर ती वळणाच्या अलीकडे. इंजिन बंद. दुचाकी असेल तर दहा-पंधरा मिनिटं सायलेन्सर गार होऊ द्यावा, कारण पेट्रोल साधारण 250 ते 280 अंशांच्या तप्त धातूवर ठिणगीशिवायही पेटू शकतं. उन्हाळ्यात वाळक्या गवतावर मोटार उभी करू नये. तापलेला कन्व्हर्टर आधी गवत पेटवतो, मग गाडी, आणि भीमगड अभयारण्याच्या बाजूला असाल तर मग जंगल. टॉर्च डबा उघडायच्या आधीच लावून बाजूला धरावा. पुष्कळ मोटारींच्या टाकीच्या गळ्यात स्प्रिंगची झडप असते. आखूड नरसाळं तिच्यापर्यंत पोचत नाही आणि पेट्रोल बाहेर सांडतं. म्हणून लांब नळी हवी. ओतून झाल्यावर चावी दोन-तीन वेळा ऑन करून थांबावं, मग सेल्फ मारावा.

आणि दुसऱ्याच्या टाकीतून तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढायची सवय कायमची सोडावी. पोटात जाण्यापेक्षा ते फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा. थोडंसं गेलं तरी फुप्फुसाला सूज येते. कुणी गिळलं तर उलटी करवायची नाही, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखाना गाठायचा. हाताने दाबायचा पंप स्वस्तात मिळतो.

आता डब्याच्या योजनेकडे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या प्रत्येक पंपाने चार डबे ठेवावेत. डब्याच्या किमतीइतकी अनामत, वहीत गाडीचा नंबर आणि लायसन्सची नोंद, 4 लिटरच्या वर नाही. डबा लाल, त्यावर क्रमांक, आणि ओतण्याच्या सूचना कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत. खानापूर आणि निपाणी तालुक्यांत सुरक्षेची सूचना माणसाला वाचता येईल अशा भाषेत असणं, ही राजकारणाच्या अलीकडची गोष्ट आहे. डबा परत आला की वॉशर पाहायचा, आत पाणी आहे का पाहायचं, मगच पुढच्याला द्यायचा. गोव्यात साखळीकडच्या आणि महाराष्ट्रात चंदगडकडच्या पंपांनी तोच डबा परत घेऊन अनामत द्यायची तयारी दाखवली, तर गाडीवाल्याला उलटं यावं लागणार नाही. तेल कंपन्या तिन्ही राज्यांत त्याच आहेत, तेव्हा हे कागदावर वाटतं तितकं अवघड नाही.

पोलिसांचा आक्षेप असतो, की सुटं पेट्रोल जाळपोळीला, कुणाच्या अंगावर टाकायला वापरलं जातं. आक्षेप खरा आणि गंभीर आहे. पण आजच्या व्यवस्थेत टपरीवरून बाटली नेणाऱ्याची कुठेच नोंद नसते. अनामतीच्या डब्याला क्रमांक आहे, वही आहे, पंपाचा कॅमेरा आहे. जो माणूस वाईट हेतूने पेट्रोल नेणार आहे, त्याला हाच रस्ता सर्वांत अडचणीचा. मिरवणूक किंवा तणावाच्या काळात जिल्हा प्रशासन सुट्या पेट्रोलच्या विक्रीवर बंदी घालतं, तेव्हाही आदेशात पंपाच्या नोंदलेल्या डब्यापुरती जागा ठेवता येईल. नाही ठेवली, तर ते चार दिवस टपरीवाल्याचे.

पंपमालक म्हणतील, हे झंझट आम्ही का करायचं? कारण बाटली भरून देण्याची जोखीम ते आजही घेतातच, फक्त ती वहीत येत नाही. उद्या काही घडलं तर परवाना त्यांचा जातो आणि नोकरी त्या पोराची.

वनखात्याच्या किंवा पोलिसांच्या नाक्यावर पेट्रोलचे भरलेले डबे ठेवावेत, असाही एक विचार मांडला जातो. तो आम्हाला पटत नाही. पैसे घेऊन दिलं की ती विक्री झाली, कलम 8 ची सवलत गेली. शिवाय माणसं झोपतात त्याच खोलीत कोपऱ्यात डबे येणार, हे ठरलेलं. नाक्यावर रिकामा डबा, नरसाळं, दोन किलोचं पावडरचं अग्निशामक आणि पंपाचा फोन नंबर असावा. घाटात मोबाईलला रेंज नसते, नाक्यावरचा फोन किंवा वायरलेस उपयोगी पडेल. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि कुठेही 112 हे नंबर आहेतच, पण चोर्ल्याच्या वळणावर उभ्या माणसाला ते लावता येतील तेव्हा ना.

सुरुवात पावसाळ्याआधी आणि थोड्याच ठिकाणी करावी: खानापूर, जांबोटीचा रस्ता, रामनगर आणि शिनोळीची बाजू. संबंधित जिल्ह्यांचं प्रशासन, नागरी पुरवठा खातं आणि तेल कंपन्यांचे विक्री अधिकारी एका बैठकीत हे ठरवू शकतात. त्याचबरोबर गणेबैल टोलनाक्यावर आणि जांबोटीच्या फाट्यावर मराठी, कन्नड, इंग्रजीत एक पाटी लावावी: पुढे घाट आहे, टाकीत मोटारीला किमान 8 आणि दुचाकीला 2 लिटर आहे का पाहा, पुढचा पंप इतक्या किलोमीटरवर, डबा मिळण्याचं ठिकाण अमुक, फोन तमुक.